पुस्तक सुचवायचं कसं: नाशिकमधल्या नवशिक्यांसाठी

‘काहीतरी चांगलं वाचायला सुचव ना’ असं कोणी म्हटलं की वाचणारी माणसं बहुधा एकच करतात. दहा-पंधरा नावांची यादी पाठवतात आणि मोकळी होतात. समोरचा ‘वा, नक्की वाचतो’ म्हणतो, आणि विषय तिथेच संपतो. दोन महिन्यांनी विचारावं तर त्यातलं एकही पुस्तक त्याच्या हाताला लागलेलं नसतं. यात त्याचा आळस थोडा, यादीचा दोष जास्त. सुरुवात कुठून करायची, यातलं आपल्याजोगतं कोणतं, ते मिळतं कुठे, यातलं काहीच यादीतून कळत नाही.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. वाचकाचा वेळ वाचवा, हा आणखी एक. पुस्तक सुचवणाऱ्याने एवढे तीन पाळले तरी पुष्कळ. व्यवहारात त्याचा अर्थ असा: एका वेळी, एका माणसाला, एकच पुस्तक, आणि तेही आठवडाभरात त्याच्या हातात पडेल अशा बेताने.

आधी विचारा, मग सुचवा

‘तुला काय आवडतं?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ‘काहीही चालेल’ असंच येतं. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचारा. शेवटचं पुरतं वाचलेलं पुस्तक कोणतं? मध्येच सोडलेलं कोणतं, आणि साधारण कितव्या पानावर? वाचायला वेळ कधी आणि कुठे मिळतो? या तिन्हींपैकी दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

सातपूरच्या एखाद्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बोलणं असं होऊ शकतं:

‘भाऊ, शेवटचं अख्खं वाचलेलं पुस्तक कोणतं?’

‘मृत्युंजय. कॉलेजात असताना.’

‘आणि अर्धवट सोडलेलं?’

‘कोसला. वीसेक पानांत कंटाळलो. पुढे काही घडेच ना.’

‘आता वाचायला वेळ कधी असतो?’

‘फर्स्ट शिफ्ट असली की दुपारी. नाइट असली की नावच नको.’

एवढ्यावरून बरंच कळतं. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (1967) सातशे पानांच्या घरातली कादंबरी आहे. ती ज्याने संपवली त्याला जाडीची भीती नाही. त्याला गोष्ट हवी, प्रसंग हवेत, पुढे काय झालं याची ओढ हवी. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (1963) मौज आहे ती बोलण्याच्या ढंगात, मुद्दाम सपाट ठेवलेल्या वाक्यांत. घटनांच्या ओढीने वाचणाऱ्याला ती सुरुवातीला कोरडी लागते. यात माणसाचं काही चुकलं नाही आणि पुस्तकाचंही नाही. या भाऊंना पुढचं पुस्तक देताना ‘तुम्ही कोसला परत वाचून बघा, खरी मजा नंतर आहे’ असा आग्रह मात्र करू नये. पडलेल्या, म्हणजे अर्धवट सोडलेल्या, पुस्तकावर पुन्हा ढकललेला वाचक दुसऱ्यांदा पुस्तक सोडतो, आणि बहुधा तुमचं ऐकणंही सोडतो.

वेळेचा हिशेब बोटांवर होतो. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकाराच्या मराठी पुस्तकाच्या एका पानावर साधारण 250 ते 300 शब्द असतात. समोरच्याला घड्याळ लावून 10 पानं वाचायला सांगा. समजा त्याला 20 मिनिटं लागली. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस वाचणारा माणूस मग आठवड्याला 75 पानं वाचेल. दीडशे पानांचं पुस्तक दोन आठवड्यांत होईल, सातशे पानांचं नऊ-दहा आठवडे घेईल. बऱ्याच दिवसांनी वाचनाकडे वळणाऱ्याला पहिलं पुस्तक तीन आठवड्यांच्या आत संपेल असंच द्यावं. संपवल्याचं समाधान लवकर मिळालं की दुसरं पुस्तक तो स्वतःहून मागतो.

जागेचाही विचार करा. पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडहून रोज मुंबई गाठणाऱ्याला वाचायला वेळ भरपूर, पण एका हाताने कडी धरून जाड पुठ्ठा बांधणीचं पुस्तक पेलत नाही. त्याला कागदी बांधणीचं, दोनशे पानांच्या आतलं पुस्तक द्या. कथासंग्रह असेल तर फारच छान, कारण इगतपुरीला डबा उघडला की गोष्ट तुटायला नको. साठी ओलांडलेल्या वाचकाला पुस्तक देण्याआधी आतलं पान उघडून टाइप बघा. जुन्या आवृत्त्यांतला बारीक टाइप आणि पिवळा पडलेला कागद यांनी चांगली चांगली पुस्तकं घरोघरी पडून राहिली आहेत, आणि वाचणारा मात्र ‘विषय जड आहे’ असं सांगून वेळ मारून नेतो.

पुस्तक निवडताना

स्वतः वाचलेलंच सुचवा. ‘ऐकलंय खूप छान आहे’ ही शिफारस नव्हे, ती अफवा. वाचून बरीच वर्षं झाली असतील तर सुचवण्याआधी पहिली 30 पानं पुन्हा चाळा. विशीत भारावून वाचलेल्या पुस्तकाची सुरुवात किती संथ होती हे आपण विसरून गेलेलो असतो, आणि नवा वाचक तर नेमका सुरुवातीपासून सुरू करणार असतो.

एक मुख्य पुस्तक ठरवा आणि एक राखीव ठेवा. राखीवचं नाव लगेच सांगू नका. मुख्य पुस्तक जमलं नाही तर ते पुढे करायचं, आणि ते वेगळ्या वळणाचं हवं. जाड ऐतिहासिक कादंबरी पडली म्हणून दुसरी जाड ऐतिहासिक कादंबरी देण्यात अर्थ नाही.

बऱ्याच दिवसांनी वाचनाकडे परतणाऱ्यासाठी छोट्या कादंबऱ्या फार उपयोगी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) दीडशे पानांच्या आत आटोपते. धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेला तरुण शिक्षक हे सूत्र पहिल्या काही पानांतच हाती येतं, त्यामुळे वाट चुकत नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) तितकीच आटोपशीर, पण ती दुसऱ्या जातीची: युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, दुसऱ्या महायुद्धाचं सावट, प्रेमकथा. ज्याला खेड्यातल्या गोष्टी नको झाल्या आहेत त्याच्यासाठी हिला राखीव ठेवता येतं.

भाषांतर सुचवताना भाषांतरकाराचं नाव सांगायलाच हवं. हेमिंग्वेची म्हातारा कोळी आणि माशाची कादंबरी पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. नुसतं ‘ते हेमिंग्वेचं मराठीतलं’ असं म्हणून पाठवलं तर वाचक दुकानात मूळ नावाने विचारतो आणि हात हलवत परत येतो.

चिठ्ठी लिहा

तोंडी सांगितलेलं नाव रविवार कारंजावर पोचेपर्यंत विसरतं. म्हणून चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो, फोनवर पाठवलीत तरी मजकूर एवढाच ठेवा. चिठ्ठीत हवं ते असं: पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, भाषांतर असल्यास भाषांतरकार, प्रकाशक, प्रकार, पानं. मग दोन ओळींत पुस्तक कशाबद्दल आहे. मग ‘तुम्हालाच का’ याचं एक वाक्य. मग अडथळा कुठे येईल. शेवटी कुठे मिळेल.

पुस्तक हातात असेल तर आतल्या प्रकाशनाच्या तपशिलाच्या पानाचा फोटो काढून ठेवा. मुखपृष्ठ आवृत्तीगणिक बदलतं, हे पान खोटं बोलत नाही. अलीकडच्या पुस्तकांवर 978 ने सुरू होणारा 13 आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असतो. दुकानदाराला तो दिला की मागणी नोंदवताना घोळ होत नाही. जुन्या मराठी पुस्तकांना तो नसतो, तिथे प्रकाशकाचं नाव आणि आवृत्तीचं साल यांवर काम भागवावं लागतं.

वाईट चिठ्ठी कशी असते? ‘स्मृतिचित्रे – लक्ष्मीबाई टिळक. अप्रतिम आत्मचरित्र. प्रत्येकाने वाचायलाच हवं.’ यातलं एकही विशेषण वाचकाच्या कामाचं नाही. ‘वाचायलाच हवं’ म्हटलं की पुस्तक अभ्यासाचं वाटायला लागतं. तीच चिठ्ठी इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या, मालिकांना कंटाळलेल्या एखाद्या काकूंसाठी अशी लिहिता येईल (प्रकाशक, पानं आणि कुठे मिळेल ते इथे गाळलं आहे):

‘काकू, स्मृतिचित्रे, लक्ष्मीबाई टिळक. आत्मचरित्र. मूळ चार भाग 1934 ते 1937 मध्ये आले. आता एकत्र मिळतात. सुरुवातीचा भाग आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचा आहे. वडिलांचं कमालीचं सोवळं, त्यापायी घरातल्या बायकांची उडणारी तारांबळ, पुढे नवऱ्याने 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा संसाराचं काय झालं, हे सगळं त्या हसत हसत सांगतात. तुम्हाला माणसांच्या तऱ्हा सांगायला आवडतात म्हणून हेच सुचवतेय. नात्यागोत्याची नावं सुरुवातीला पुष्कळ येतात. लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, आपोआप जमतात. संपूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. तुम्ही संपूर्णच घ्या, पण टाइप बघून.’

या चिठ्ठीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य अडथळ्याचं. नातेवाइकांची नावं, बोलीभाषा, मागेपुढे जाणारा काळ, संथ पहिलं प्रकरण, लांबलचक प्रस्तावना. कुठल्याही चांगल्या पुस्तकात यांपैकी एखादी गोष्ट असतेच. ती आधी सांगून ठेवली की वाचक तिथे आला तरी थांबत नाही. प्रस्तावनेत कथानक फोडलेलं असेल तर ‘प्रस्तावना शेवटी वाचा’ असं स्पष्ट लिहा. बाळाचा मृत्यू, आत्महत्या, अत्याचार असे प्रसंग पुस्तकात असतील तर तेही सांगा, विशेषतः समोरच्याच्या घरात नुकतंच काही दुःख झालं असेल तर. कथानक फुटेल अशी भीती इथे बाळगू नये. पुस्तक वाचून माणूस आजारी पडण्यापेक्षा एक वळण आधी कळलेलं परवडलं.

संपूर्ण की संक्षिप्त हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण घोळ इथेच होतात. एकाने संपूर्ण वाचलेलं असतं, दुसऱ्याला शाळेसाठी काढलेली छोटी आवृत्ती मिळते, मग ‘यात एवढं काय विशेष’ असा फोन येतो.

नाशिकमध्ये पुस्तक मिळवायचं कुठून

टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. जुनं आणि छापून संपलेलं मराठी पुस्तक सुचवायचं असेल तर पहिली चौकशी तिथे करावी. सभासद व्हायला कुठल्याही सार्वजनिक ग्रंथालयात साधारण सारखीच कागदपत्रं लागतात: ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, परत मिळणारी अनामत आणि वर्गणी. एका वेळी किती पुस्तकं, किती दिवसांसाठी आणि उशिराला दंड किती, हे सभासद होतानाच विचारून घ्या. सुचवलेलं पुस्तक दहा आठवड्यांचं आणि मुदत तेवढी नसेल तर नूतनीकरण फोनवर होतं की पुस्तक घेऊन जावं लागतं, हेही.

कपाटात पुस्तक दिसलं नाही म्हणजे ते नाही असं धरू नका. तालिकेत (कॅटलॉगमध्ये) शोधा, दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला क्रमांक, टिपा आणि तो घेऊन काउंटरवर जा. पुस्तक बाहेर गेलं असेल तर नाव नोंदवून ठेवता येतं का ते विचारा. आणि ग्रंथालयात नसलेलं पुस्तक सुचवायचं असेल तर वाचकांच्या सूचनांची वही मागा. त्यात प्रकाशकासह पूर्ण तपशील लिहिलेली मागणी खरेदीच्या वेळी विचारात घेणं सोपं जातं. ‘चांगल्या कादंबऱ्या मागवा’ अशा नोंदीवर कोणीच काही करू शकत नाही.

ज्यांना ग्रंथालयापर्यंत जाणं होत नाही त्यांच्यासाठी नाशिकातूनच सुरू झालेला कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम आहे. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. सोसायटीत वाचणारी पंचवीस-तीस घरं असतील तर एकट्याने पुस्तकं सुचवत बसण्यापेक्षा पेटीची चौकशी करणं जास्त फायद्याचं. पेटी आली की तुमचं काम वेगळं होतं: आतली पुस्तकं चाळायची आणि कोणतं कोणाला द्यायचं ते ठरवायचं.

विकत घ्यायचं असेल तर नवी प्रत दुकानातच एकदा उलटून बघा. पुस्तक बहुधा 16 पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे दुमडलेल्या छापील कागदांच्या जुड्यांनी, बांधतात. बांधणीत एखादा फर्मा गळतो, उलटा लागतो किंवा दोनदा येतो. पानांचे आकडे 48 नंतर एकदम 65 झाले तर तोच प्रकार. बिल जपून ठेवलं असेल तर प्रत बदलून मिळते. भेट द्यायच्या पुस्तकात हे आधी तपासलं नाही तर फजिती होते, कारण भेट मिळालेला माणूस संकोचाने काही बोलत नाही आणि पुस्तक मात्र अर्धवट पडून राहतं.

फुकट पीडीएफबद्दल थोडं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो आणि ही मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन 2011 पासून खुलं आहे. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, त्यांचं 2059 संपेपर्यंत खुलं होणार नाही. त्यांच्या संग्रहाची स्कॅन केलेली फाइल गटात फिरत असेल तर ती पुढे ढकलू नका. फुकट आणि सरळ मार्गाने वाचायचं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर ठेवली आहेत. त्यातली बरीच बाजारात शोधूनही सापडत नाहीत.

खुल्या झालेल्या पुस्तकांची एक वेगळी अडचण: तेच पुस्तक अनेक जण छापतात. स्वस्त आवृत्तीत मुद्रणदोष, गळलेल्या ओळी, कधी मूळ मजकुराला लावलेली कात्री, असं सगळं सापडतं. अशा पुस्तकाचं नुसतं नाव सांगू नका, आवृत्ती सांगा.

तोंडी सांगताना

समोरासमोर असाल तर दीड मिनिटात आटपा. त्यापुढे ऐकणारा पुस्तकाऐवजी तुमच्याकडे बघायला लागतो. कथानक सांगत बसू नका. परिस्थिती सांगा आणि थांबा: ‘एक शिक्षक, एक वस्ती, शाळेला पोरंच येत नाहीत.’ मग पुस्तकातला अर्ध्या पानाचा उतारा वाचून दाखवा.

उतारा निवडायला थोडा वेळ द्या. पहिल्या तिसऱ्या हिश्शातला घ्या, म्हणजे पुढचं काही फुटत नाही. संवाद असेल तर उत्तम. सुंदर वर्णनाचा घेऊ नका; वर्णन एकट्याने वाचताना आवडतं, ऐकताना डोळे जड होतात. दीडशे ते दोनशे शब्द पुरेत. घरी एकदा मोठ्याने वाचून बघा, कारण लांब वाक्यं जीभेवर आल्यावरच कळतं कुठे श्वास घ्यायचा. पानात कागदाची पट्टी घाला. कोपरा दुमडू नका, पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर मुळीच नको.

नाटक सुचवायचं असेल तर हीच पद्धत दुप्पट लागू पडते. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ पाहिलेले हजारो, वाचलेले फार थोडे. नाटकाचं पुस्तक एकट्याने मनात वाचायला अनेकांना जमत नाही. दोघांनी पात्रं वाटून घेऊन एक प्रवेश मोठ्याने वाचला की उरलेलं नाटक ते आपण होऊन वाचतात.

गट करायचा असेल तर

आठ ते बारा माणसं पुरे. पाचाच्या खाली गेलं की एखाद्याची सुट्टी पडली तरी बैठक बारगळते, आणि पंधराच्या वर दोन-तीन तोंडाळ मंडळी सगळा वेळ खातात. महिन्यातून एकदा, दीड तास. दहा जण असतील तर प्रत्येकाला तीन मिनिटं सांगायला आणि दोन मिनिटं प्रश्नांना, म्हणजे 50 मिनिटं. पंधरा-वीस मिनिटं पुस्तकांची देवघेव आणि नोंदी. उरलेला वेळ चहाचा, आणि खऱ्या शिफारशी बहुधा चहाच्या वेळीच होतात. कोणीतरी घड्याळ धरून बसावं लागतं. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला मध्ये थांबवायला लोक कचरतात, म्हणून वेळेचा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका.

जागा शहराच्या एकाच अंगाला ठरवा. गंगापूर रोड, कॉलेज रोडचे लोक आणि नाशिकरोड, जेलरोडचे लोक एका गटात घेतले तर संध्याकाळी द्वारका चौकात निम्मा गट अडकतो, आणि तिसऱ्या महिन्यापासून तो निम्मा येतच नाही. दोन गट करा आणि चिठ्ठ्या एकमेकांना पाठवा. पंचवटीतल्या गटाने 2026-27 च्या सिंहस्थात बैठकीची जागा आधीच दुसरीकडे बघून ठेवावी. पर्वणीच्या दिवसांत रामकुंडाच्या आसपास पुस्तकाची पिशवी घेऊन शिरायचा विचारही नको.

सुरुवातीला निमित्त लागत असेल तर 27 फेब्रुवारी आहेच. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आणि नाशिकात त्या दिवशी पुस्तकाचा विषय काढायला कोणी नाही म्हणत नाही. 23 एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिनही चालतात. मे महिन्यात मात्र नवा गट सुरू करू नका. लोक गावी गेलेले असतात, आणि गावात असलेले संध्याकाळी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला.

सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं, ही पद्धत नव्या गटाला झेपत नाही. दहा प्रती मिळत नाहीत, चौघांनी वाचलेलं नसतं, ते गप्प बसतात, पुढच्या वेळी येत नाहीत. प्रत्येकाने आपापलं पुस्तक घेऊन यावं हेच सोपं. एकच अट घाला: जे पुस्तक सुचवायचं ते बैठकीत प्रत्यक्ष आणायचं. पुस्तक हातातून हातात फिरलं, कोणी मधलंच पान उघडून दोन ओळी वाचल्या, की निम्मं काम तिथेच होतं.

देवघेवीची वही

दोनशे पानी रेघांची वही घ्या. रकाने सहा: तारीख, पुस्तक, मालक, घेणारा, परतीची तारीख, शेरा. घेणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात नोंद करायची. दुसऱ्याने लिहिलेली नोंद लोक विसरतात. फोनवरच्या तक्त्यापेक्षा वही बरी, कारण ती टेबलावर उघडी असते आणि कोणाकडे काय अडकलं ते सगळ्यांना दिसतं.

पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने मालकाचं नाव. पेनाने नको, पुढे पुस्तक कोणाला द्यावंसं वाटलं तर खाडाखोड होते. पावसाळ्यात प्रत्येक पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतच द्या आणि घेणाऱ्याला ते घरी गेल्यावर पिशवीतून बाहेर काढायला सांगा. पिशवीत ओल अडकली की आठवड्यात बुरशी धरते. पिशवीतून काढायचं हे सांगायचं राहतं आणि मग पुस्तकं डागाळतात. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. पंख्याखाली उभं करून, पानांत टिपकागद घालून वाळवा.

एकच प्रत असलेलं, छापून संपलेलं, किंवा लेखकाच्या सहीचं पुस्तक देवघेवीत आणू नये. ते हरवलं तर मैत्री जाते, आणि दोष कोणाचा हे कधीच ठरत नाही.

मुलांसाठी

मुलांना सुचवताना दोन माणसांना सुचवावं लागतं, मुलाला आणि जो रात्री वाचून दाखवणार त्याला. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्याच तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली. पुस्तक 42 रात्रींत विभागलेलं आहे, त्यामुळे रोज रात्री एक असा हिशेब आयता मिळतो आणि मुलाला उद्याची वाट बघावीशी वाटते. मात्र वाचून दाखवणाऱ्याला सांगून ठेवा की शेवटच्या रात्रींना घरातले मोठेच रडतात. आणि तेव्हाच्या रूढी, उपास, मार खाणं, यांवर मूल प्रश्न विचारणार. उत्तर टाळलं तर ते पुस्तकही टाळायला लागतं.

स्वतः वाचणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी पुस्तकाचं मधलं कुठलंही पान उघडून त्याला मोठ्याने वाचायला लावा. एका पानात पाचापेक्षा जास्त शब्दांना अडखळलं तर ते पुस्तक सध्या वाचून दाखवायचं, त्याच्या हाती द्यायचं नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं जोडाक्षरांशी अडतं. त्यांना वयापेक्षा लहान मुलांचं पुस्तक दिलं तर अपमान वाटतो, म्हणून चित्रकथा किंवा माहितीचं पुस्तक द्या. किल्ले, साप, रेल्वे असले विषय त्यांना ओढून नेतात.

नंतरची चौकशी

पुस्तक दिल्यावर दहा-बारा दिवस काही विचारू नका. मग ‘आवडलं का?’ असं न विचारता ‘कुठपर्यंत आलं?’ विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस तुमचं मन राखून उत्तर देतो, दुसऱ्याला खरं सांगतो. ‘चाळीसाव्या पानावर आहे’ हे उत्तर दोनदा आलं की पुस्तक पडलं असं समजा आणि आपण होऊन सांगा, ‘राहू द्या हे, दुसरं देतो.’ सुटका झाल्यासारखा चेहरा दिसला तर राखीव पुस्तकाची वेळ आली.

पडलेल्या पुस्तकाची नोंद शेऱ्याच्या रकान्यात करा, पानाच्या आकड्यासह. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच पुस्तक तीस-चाळीस पानांच्या आसपास सोडलं असेल तर तिथे खरोखर काहीतरी अडतंय. ते पान काढून वाचा आणि चिठ्ठीत अडथळ्याच्या जागी ते लिहा: ‘दुसरं प्रकरण रटाळ आहे, सरळ तिसऱ्यावर जा, काही बिघडत नाही.’ एकच माणूस लागोपाठ तीन पुस्तकं सोडत असेल तर मात्र पुस्तकं बदलत बसू नका. त्याचा वाचायचा वेळ बदलला का, चष्म्याचा नंबर वाढला का, घरात काही चाललंय का, हे विचारा. कधी उत्तर एवढंच असतं की शिफ्ट बदलली. त्याला कथासंग्रहातली एकच, आठ-दहा पानांची कथा खूण घालून द्या आणि बाकीचं पुस्तक वाचायचं नाही असं बजावून सांगा.